डायरेक्शनभाऊ

निकाल लागतो विद्यापीठाच्या वेबसाइटवर, पण अमडापुरात तो कळतो स्टँडकडच्या झेरॉक्सच्या दुकानात. वेबसाइट नुसती अक्षरं आणि आकडे दाखवते. त्यांचा अर्थ सांगणारा माणूस दुकानाच्या बाकड्यावर बसलेला असतो. त्याचं खरं नाव गजानन. पण बुलडाणा जिल्ह्यात भर रस्त्यात ‘गजानन’ अशी हाक मारली, तर निम्मा रस्ता वळून बघतो. म्हणून पोरांनी त्याला डायरेक्शनभाऊ करून टाकलं. परीक्षेचे नियम विद्यापीठ ज्या कागदांतून काढतं, त्यांना ऑर्डिनन्स आणि डायरेक्शन म्हणतात. प्राध्यापक मंडळींना ते कागद कुठे ठेवलेत हे आठवत नाही, भाऊंना ते क्रमांकासकट पाठ आहेत.

असा एक भाऊ चिखलीत आहे, मेहकरात आहे. खामगावात तर एकमेकांशी न बोलणारे दोन-तीन असावेत. अमडापूरचा भाऊ त्यांच्यात ज्येष्ठ. वय पस्तिशीच्या पुढे. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, निळं फॉर्म भरायला आणि लाल निकालावर गोल करायला. मोबाइलमध्ये परिपत्रकांच्या पीडीएफ इतक्या, की आईचा फोटो शोधायचा तर ‘हिवाळी परीक्षा, सुधारित वेळापत्रक, पुनश्च सुधारित’ ओलांडून जावं लागतं. शिक्षण विचारलं तर मान ताठ करून सांगतात, “बी.ए.” आणि समोरचा पुरता प्रभावित होईपर्यंत थांबून पुढचं सांगतात, “एक पेपर सोडून.”

तो पेपर आहे कंपल्सरी इंग्लिशचा. याच माणसाच्या तोंडून ‘नॉटविथस्टँडिंग एनिथिंग कंटेन्ड इन द ऑर्डिनन्स’ हे वाक्य एका दमात, न अडखळता ऐकलं की वाटतं, विद्यापीठाने पेपरात धडे आणि कविता देण्याऐवजी स्वतःचेच नियम दिले असते, तर भाऊ जिल्ह्यात पहिले आले असते.

भाऊंचा हंगाम सुरू होतो उन्हाळी परीक्षेचे निकाल लागले की. सोयाबीनची डवरणी चाललेली असते. अशातच एखादे काका चिखल लागलेल्या चपलांनी, कॉलेजात जाणारी पोरगी मागे उभी करून दुकानात येतात.

“भाऊ, पाह्य बरं पोरीचं काय झालं ते. कालेजवाले म्हनतात, एटीकेटी लागली.”

“लागली ना मंग. बसा काका.”

“कुठी लागली? नंबर लागला का हिचा?”

“नंबर नाई. पोरगी नापास बी नाई अन् पास बी नाई. मधात एक जागा हाय, तिथं उभी हाय.”

काकांचा चेहरा पडतो. आयुष्यभर त्यांना दोनच निकाल माहीत. पाऊस झाला किंवा नाही झाला, पोरगं पास झालं किंवा शेतात आलं. ही मधली जागा त्यांच्या हिशेबात बसत नाही. मग भाऊ लाल पेन काढून निकालाच्या प्रिंटवर दोन गोल करतात. एक केमिस्ट्रीवर, एक मॅथ्सवर. आणि समजावतात. बाकीचे विषय सुटले, ते पुन्हा द्यायचे नाहीत. हे दोन राहिले, त्यांचे पेपर पुढच्या परीक्षेला द्यायचे. तोवर पोरगी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसेल. किती विषय राहिले तरी पुढे जाता येतं, याची हद्द कोर्सागणिक वेगळी असते, पण दोन विषयांनी काही पोरीचं अडत नाही. अडतं ते पुढे.

“आता ध्यान देऊन आयक माय,” भाऊ काकांना सोडून पोरीकडे वळतात. “पयल्याचे पेपर घेऊन दुसऱ्यात जाता येते. पन पयलं वर्ष पुरतं सुटल्याशिवाय तिसऱ्यात कोनी घेत नाई. हे पोट्टे कराले जातात काय, तं सेकंड इयरचा अभ्यास ठासून करतात अन् फस्ट इयरचा एक पेपर तसाच ठुतात. मंग दोन वर्षं मजेत जातात अन् तिसऱ्याच्या उंबऱ्यावर एक वर्ष घरी. तू आधी जुनं काढ, मंग नवं पाह्य.”

हा नियम महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत या ना त्या रूपात आहे. मुंबईची पोरं त्याला केटी म्हणतात, पुण्याच्या इंजिनिअरिंगवाल्यांचं वर्ष गेलं की वायडी होतं, आणि आमच्याकडे बॅक राहतो. दरवर्षी हजारो पोरं तिसऱ्याच्या दारावरच अडकतात. ‘कॅरी ऑन’ द्या, म्हणजे या अटीत सूट देऊन पुढच्या वर्षात बसू द्या, म्हणून विद्यापीठांसमोर घोषणा होतात, निवेदनं दिली जातात. अमडापूर भागातून गेलेल्या निवेदनांचा मसुदा अर्थातच भाऊंचा. शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘अन्यथा होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील.’ परिणाम कोणता, ते भाऊ उघड करत नाहीत.

“म्हंजे फी दोनदा भराची?” काकांचा पुढचा प्रश्न.

“व्हय. रेग्युलरची येगळी, बॅकची येगळी. तारीख चुकली की लेट फी, मंग त्याच्यावरची लेट फी.”

भाऊंच्या पंचांगात ऋतू दोनच, हिवाळी आणि उन्हाळी. पावसाळा त्यांनी रिव्हॅलसाठी राखून ठेवला आहे. निकाल लागल्यावर ठरलेल्या दिवसांत अर्ज केला की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मिळते आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनाला टाकता येते. फोटोकॉपी आली की दुकानाचं शटर अर्धं खाली येतं. मोबाइलचा टॉर्च लावून भाऊ पहिल्या पानापासून मार्कांची बेरीज करतात, प्रत्येक प्रश्नापुढची खूण बघतात, पुरवण्या मोजतात. पोरगं शेजारी श्वास रोखून उभं.

“चौथ्याचा ब कुठी हाय?”

“लिवला ना भाऊ.”

“लिवला. पन त्याच्यावर ‘तिसऱ्याचा अ’ असा नंबर टाकला तू. अन् तिसऱ्याचा अ मांगच्या पानावर आधीच हाय. आता तपासनारानं कोनता धरावा? अन् हे खाली काय हाय?”

खाली, शेवटच्या ओळीनंतर, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘सर, घरची परिस्थिती बिकट आहे, कृपया पास करावे.’

भाऊ पान मिटतात. “याले रिव्हॅल नाई चालत. टेकडीवर बल्लाळदेवीले नारळ फोड अन् हिवाळीचा फॉर्म भर.”

एवढं रोखठोक बोलूनही पोरं भाऊंवर रागावत नाहीत, कारण लगेच दिलासाही मिळतो. भाऊंकडे थोर नापासांची यादी तयार आहे आणि ती खरी आहे, हा तिचा विशेष. गांधीजी लंडनच्या मॅट्रिकला पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये राहिले. पुन्हा बसताना त्यांनी रसायनशास्त्र सोडून ‘उष्णता आणि प्रकाश’ हा विषय घेतला, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. (“विषय बदलाची सोय तवाही होती,” भाऊंची टीप.) रामानुजन गणितात अचाट होते, पण एफ.ए.ची परीक्षा काही त्यांना सुटली नाही. पण भाऊंचा हुकमी एक्का कलकत्त्याचा आहे. १८५८ साली तिथल्या विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा झाली आणि दोघे पदवीधर झाले, बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस. दोघेही एका विषयात थोडक्यात कमी पडले होते, विद्यापीठाने कृपागुण देऊन त्यांना पास केलं.

“पाह्यलं? ‘वंदे मातरम्’ लिवनारा मानूस ग्रेसवर निघालेला हाय. अन् तू चार मार्कासाठी जेवन सोडून बसला!”

नंतर १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. बॅच बाहेर पडली. तिच्यात रानडे होते, भांडारकर होते. या दोघांचा उल्लेख मात्र भाऊ सहसा टाळतात. ते पहिल्या फटक्यात पास झाले, त्यामुळे त्यांचा कुणाला उपयोग नाही.

विद्यापीठाच्या इतिहासाकडेही भाऊ याच नजरेने बघतात. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला स्थापन झालं, त्याआधी अमडापूरची पोरं नागपूर विद्यापीठात नापास होत. “आता आपल्या वऱ्हाडातच होतात,” भाऊ म्हणतात, “याले म्हनतात इकेंद्रीकरन.” तरी खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठायची तर दीडशे किलोमीटरच्या वर रस्ता. एका गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायला शेतकऱ्याच्या पोराचा अख्खा दिवस आणि कुणाच्या तरी मजुरीचे पैसे जातात. हे ज्याने केलंय, त्याला भाऊ बाकड्यावर बसून फुकटात काय वाचवतात ते कळतं. कोणता कागद कॉलेजातच होतो, कशासाठी अमरावतीला जावं लागतं आणि जाताना कोणती झेरॉक्स विसरायची नाही, हे सांगणारी खिडकी कुठल्याही कार्यालयात नसते. भाऊ ती खिडकी आहेत. चहा सोडून फी घेत नाहीत. झेरॉक्सचे पैसे दुकानमालकाला जातात, आणि तो त्यांचा चुलतभाऊ आहे, एवढं सोडा.

भाऊंच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे कोविडचं २०२० साल. देशभर एकच प्रश्न होता, परीक्षा होणार की नाही? राज्य सरकार म्हणत होतं, अंतिम वर्षाची परीक्षा नको. यूजीसी म्हणत होती, घ्याच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला: परीक्षेशिवाय पदवी नाही. तिकडे तमिळनाडूत बॅकला ‘अरिअर’ म्हणतात. तिथल्या सरकारने त्याच महिन्यात फी भरलेल्या अरिअरवाल्यांना पास करायचं जाहीर केलं आणि पोरांनी मुख्यमंत्र्यांच्या आभाराचे फलक लावले. पुढे ते हायकोर्टात अडकलं ही गोष्ट वेगळी, पण त्या चार दिवसांत भाऊंना तमिळ शिकावंसं वाटलं होतं.

ऑक्टोबरात आपल्याकडे ऑनलाइन परीक्षा झाल्या. प्रश्न पर्यायांचे, उत्तर मोबाइलवर टिचकी मारून द्यायचं. रेंजसाठी पोरं टेकडी चढली, गच्चीवर बसली, एक तर म्हणे ट्रॅक्टरच्या टपावर. वर्षानुवर्षं अडलेले विषय पटापट निघाले. सगळ्यांना वाटलं, भाऊही आता सुटले. चार पर्यायांतून एक निवडायचा, त्याला कसलं इंग्लिश लागतं? पण भाऊंनी फॉर्मच भरला नाही.

“लोक म्हनतीन, कोविड बॅच,” ते म्हणाले. “इतके वर्षं थांबलो ते काय टिचकी माराले?”

विलायतेतल्या बऱ्याच विद्यापीठांत दुसऱ्यांदा बसून पेपर कितीही उत्तम लिहिला तरी पास होण्यापुरतेच, चाळीस टक्केच मार्क लावतात, असं कुणी तरी भाऊंना सांगितलं होतं. तेव्हा ते हळहळले होते. “म्हंजे मानूस दुसऱ्या खेपेले हुशार झाला, हे त्याइले मंजूरच नाई!” भाऊंचा कसलाही राग परीक्षेवर नाही. राग आहे तो एकदाच विचारून मोकळं होणाऱ्यांवर.

आणि इथे भाऊंची थट्टा करणाऱ्याने जरा थांबावं. कारण बाकड्यावर बसलेल्या त्या काकांचा खरा प्रश्न फीचा नसतोच. तो सगळ्यात शेवटी, पोरगी झेरॉक्स घ्यायला आत गेली की, हळू आवाजात येतो.

“भाऊ, मी म्हनतो, हे असं मधात लटकून राहन्यापरीस उजवून टाकावं का हिले? एक स्थळ आलं हाय.”

भाऊ पेन खिशाला लावतात. “काका, स्थळवाल्याले काय सांगसान? पोरगी नापास हाय?”

“मंग काय सांगू?”

“पोरगी सेकंड इयरले हाय. हे खोटं हाय का? नाई. अॅडमिशन पावती हाय, आयकार्ड हाय, बस पास हाय. कोनी कागद मांगतला तं मले बोलवा, मी डायरेक्शन वाचून दाखवतो. पन तिसरं वर्ष होईलोक लग्नाचं नाव काढाचं नाई.”

काका कागदाला घाबरतात आणि भाऊंकडे कागद असतो. एवढ्यावर दर जुलैत अमडापुरातल्या एक-दोन पोरी तरी वर्गात टिकून राहतात. ऑर्डिनन्स लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असं काही असेल-नसेल. पण नियमाने दिलेल्या त्या मधल्या जागेत एका पोरीची दोन वर्षं मावतात, हे भाऊंनी पाहिलंय.

भाऊ स्वतः त्या जागेतून का बाहेर पडत नाहीत, याचं उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. जे पास झाले ते चाकणच्या कंपन्यांत गेले, नाही तर पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतायत. सणाला आले की त्यांना कुणी काही विचारत नाही, त्यांचं कधी जमणार एवढंच विचारतात. भाऊंना मात्र रोज सकाळपासून माणसं विचारत येतात.

आता नवीनच भानगड आली आहे. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मार्कांच्या जोडीला क्रेडिट आले, क्रेडिट साठवायची डिजिटल बँक आली आणि मधूनच बाहेर पडायची सोयही. एक वर्ष पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. मधून सुटताना चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स तेवढा करायचा. भाऊंनी दोन रात्री जागून सगळं वाचून काढलं आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात कोऱ्या कागदावर स्वतःचा हिशेब मांडला.

“पयलं वर्ष पुरतं सुटलं, म्हंजे एक सर्टिफिकेट. दुसरं बी सुटलं, म्हंजे डिप्लोमा. तिसऱ्यात एकच पेपर राह्यला. म्हंजे पाह्यसान काका, नव्या धोरनानं मी डिप्लोमाहोल्डर हाओ. लागू मागच्या तारखेपासून नाई, एवढीच अडचन.”

काका कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिले. अक्षरं त्यांना लागत नव्हती, पण प्रकार ओळखीचा होता.

“समजलं,” ते म्हणाले. “माह्या कर्जमाफीचं बी असंच झालं होतं. पात्र होतो, यादीत नाव नव्हतं. तुमी असं करा, तलाठ्याकडं एक अर्ज देऊन पाहा.”

भाऊंनी लगेच निळं पेन काढलं.