सर्व्हरचं बटण दाबून धरणाऱ्यास खुलं पत्र

भावा,

तुझं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात शाहूपुरीपासून शिरोलीच्या एमआयडीसीपर्यंत जिथं चार-सहा कॉम्प्युटर एका स्विचला जोडलेत, तिथं तुझ्यासारखा एक जण असतोच. ‘फाइल सेव्ह होईना’ एवढं कानावर पडलं की तो उठतो, सर्व्हरपाशी जातो आणि बटण दाबून धरतो. पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचत नाही, कुणाचं काय उघडं आहे ते विचारत नाही. बटण दाबायला अक्कल लागत नाही, न दाबायला लागते. ती तू त्या दिवशी वापरली नाहीस, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

महिन्याची दहा तारीख होती. कर सल्लागाराच्या ऑफिसात या तारखेचा अर्थ तुला सांगायला नको. ११ तारखेपर्यंत विक्रीचा रिटर्न, जीएसटीआर-१, गेला नाही, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या ग्राहकाच्या जीएसटीआर-२बीमध्ये ती बिलं दिसत नाहीत. मग चाकणचा ग्राहक गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याला विचारतो, ‘तुमचं बिल दिसत नाही, पैसे कसे सोडू?’ आपण चुकलो की तिकडं कुणाचा तरी पगार अडतो.

संध्याकाळी आर्टिकलशिप करणाऱ्या पोरीनं दिवसभर जुळवलेली विक्रीची शीट सेव्ह करायला घेतली आणि ‘डॉक्युमेंट नॉट सेव्ह्ड’ असा संदेश आला. शेजारच्या दोघींनाही तोच. तू जागेवरूनच ओरडलास, ‘बंद करा सगळं, रीस्टार्ट मारतो!’ तू सीनियर, म्हणून त्यांनी ऐकलं. एक्सेलनं विचारलं, बदल ठेवायचे का? ठेवायला जागाच मिळेना, म्हणून त्यांनी ‘डोन्ट सेव्ह’ दाबलं. दिवसाचं काम तिथं मेलं, तुझ्या हुकमानं. त्या क्षणापर्यंत ते त्यांच्या स्वतःच्या मशीनच्या मेमरीत जिवंत होतं. सर्व्हर जळून गेला असता तरी ते वाचलं असतं. एफ-१२ दाबून आपल्याच डेस्कटॉपवर ‘सेव्ह ॲज’ करा, एवढं सांगायचं होतं.

पलीकडच्या खोलीत टॅली चालू होतं. त्याचा डेटा याच सर्व्हरवर असतो. त्यांना हाकही न मारता तू बटण दाबून धरलंस. डेटा लिहिला जात असताना वीज तोडली की तो अर्धवट राहतो, आणि मग दुरुस्त करत बसावं लागतं. तसंच बसावं लागलं, रात्री.

रीस्टार्ट झाला आणि संदेश पुन्हा तोच. मग तू सर्व्हरवर ॲडमिनिस्ट्रेटरनं लॉगिन केलंस, फाइल सेव्ह केलीस आणि म्हणालास, ‘माझ्याकडं हुतंय की!’ याचा अर्थ पोरींना काम येत नाही, असा तू लावलास. खरा अर्थ तुझ्या नाकासमोर होता. एकाकडं होतं आणि दुसऱ्याकडं होत नाही, म्हणजे बिघाड मशीनचा नाही, बहुधा परवानगीचा आहे.

ती परवानगी कुणी काढली होती? तूच. मागं कुणाच्या तरी हातून एका क्लायंटचं अख्खं फोल्डर उडालं होतं, म्हणून त्या दहा तारखेला तू शेअर फोल्डरवरचा डिलीटचा हक्कच सगळ्यांकडून काढून घेतलास. हेतू चांगला होता, हे मान्य. पण एक्सेल जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरं-आकड्यांच्या विचित्र नावाची तात्पुरती फाइल बनवतं, सगळं तीत लिहितं, मग जुनी फाइल काढून नवीला तिचं नाव देतं. काढायला आणि नाव बदलायला डिलीटचाच हक्क लागतो. तो नसला की लिहिलेलं सगळं त्या विचित्र नावाखाली अडकून पडतं. नोटपॅडची फाइल मात्र त्याच फोल्डरमध्ये सेव्ह होत होती, कारण नोटपॅड आहे त्याच फाइलवर लिहितं. एवढी एक चाचणी केली असतीस, तर दोन मिनिटांत उत्तर सापडलं असतं. परवानग्या डिस्कवर नोंदलेल्या असतात. तू बटण शंभरदा दाबलं असतंस तरी त्यांतली एकही बदलली नसती.

आणि त्या विचित्र नावांच्या फाइलींचं काय केलंस? कचरा म्हणून उडवल्यास. त्यांत पोरीची शीट असण्याची शक्यता होती. त्यांची कॉपी काढून, पुढं एक्सेलचं एक्स्टेन्शन लावून उघडून बघायला हवं होतं. शेवटचा दोरही तू कापलास.

तुला ही सवय का लागली, तेही कळतं. कधी कधी रीस्टार्टनं खरंच काम होतं. एखाद्याचं मशीन हँग होतं, फाइल त्याच्या नावावर अडकते, इतरांना ती ‘रीड ओन्ली’ उघडते. सर्व्हर बंद केला की सगळ्यांचेच धागे तुटतात, त्यात तोही. पण एका कुलपासाठी सगळं घर पाडायची गरज नसते. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’ उघड. कुठली फाइल कुणाच्या नावावर उघडी आहे, ते तिथं दिसतं. त्या माणसाला विचार, त्याचं काम सुरक्षित झालं की तेवढी एकच बंद कर.

इतर संदेशही असेच बोलके असतात. आपला ‘सर्व्हर’ म्हणजे साधा विंडोज १० चा पीसी आहे. अशा पीसीला एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या चालतात, पुढच्याला तो दार उघडत नाही. फोल्डरात फोल्डर करत वर्ष, क्लायंट, महिना, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं वाढवलीस आणि पूर्ण पत्ता २१८ अक्षरांपुढं गेला, की एक्सेल अडतं. डिस्क भरली तरी अडतं, अँटिव्हायरसनं तात्पुरती फाइल धरून ठेवली तरी अडतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून आधी संदेशाचा फोटो काढायचा, मग विचारायचं: कुणाच्या मशीनवर, कुठल्या फोल्डरमध्ये, एकट्यालाच की सगळ्यांना?

फाइली उडू नयेत ही तुझी काळजी खरी असेल, तर रोजचा बॅकअप घे आणि त्याची एक प्रत ऑफिसाबाहेर ठेव. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीत पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढली. ज्यांचा बॅकअप त्याच टेबलाच्या खणात होता, त्यांनी काय मिळवलं? उडालेलं फोल्डर बॅकअपमधून परत येतं. लोकांचे हक्क काढून घेतले तर फक्त काम थांबतं.

आता तू काय करायचंस ते सांगतो. शेअर फोल्डरचा ‘मॉडिफाय’ हक्क आजच परत दे, त्यात डिलीटही येतं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड रोजच्या कामाला वापरणं बंद कर. सर्व्हर बंद करायचाच असेल, तर प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन सांग, आणि बटण न दाबता रीतसर शटडाउन कर. आणि त्या पोरीची माफी माग, सगळ्यांसमोर, कारण तिला काम येत नाही हेही तू सगळ्यांसमोरच म्हणालास. तिनं रात्री बसून ती शीट पुन्हा जुळवली आणि रिटर्न वेळेत भरला. आपल्या ऑफिसात काम कुणाला येतं, हे तिनं दाखवून दिलंय.

तुझाच एक सहकारी,
शाहूपुरी, कोल्हापूर