भाजी घ्यायले का?

एका हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारा शेपू, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. औरंगपुऱ्यात भाजीच्या गाड्यांमध्ये असा उभा असताना ओळखीचा माणूस हटकून विचारतो, "काय, भाजी घ्यायले का?" तरुणपणी मी विचारायचो, "दिसत नाही का?" दोन-चार ओळखी त्यात गेल्या. नुसतं "हौ" म्हणायचं असतं, हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

मालिनोवस्की या मानववंशशास्त्रज्ञाला ते आधीच कळलं होतं. माणसं कित्येकदा काही सांगायला नव्हे, नुसता जिव्हाळा टिकवायला बोलतात, असं त्यानं 1923 साली लिहून ठेवलं. त्यासाठी तो पार पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून आला होता. आमच्या महात्मा फुले चौकात तासभर थांबला असता तरी भागलं असतं.

पुढं 1960 मध्ये रोमन याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञानं भाषेची सहा कामं मोजली. माहिती पुरवणं हे त्यातलं एक. बाकीच्या पाचांत आमची कोथिंबीरवाली मावशी तरबेज आहे. संध्याकाळी सात वाजता ती म्हणते, "बोहणीची वेळ हाय काका, नाही म्हणू नका." माहिती म्हणून वाक्य साफ खोटं, पण जुडी पिशवीत पडते. 'काका' हा शब्द तेवढा मला अजून पचलेला नाही. शेजारचा फळवाला दखनी बोलतो. माझ्या 'नको'त एक 'क' वाढवून तो विचारतो, "नक्को?" मराठीचाच शब्द, पण आग्रह इतका की मी पपई घेतो.

मंत्र-तोडग्याचं बोलणं याकोब्सन समोरच्याला काही करायला लावणाऱ्या भाषेच्या खात्यात टाकतो. आपल्याकडं असे तोडगे रोजच्या बोलण्यातच असतात: बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढतं. निघणारा 'जातो' म्हणत नाही. हे कोणाला उद्देशून? बहुधा नशिबाला. ते कान देऊन बसलेलं असतं, आणि त्याला शब्दशः घ्यायची वाईट खोड आहे, माझ्या तरुणपणासारखी.

साडेनऊला फळवाल्यानं ताडपत्री ओढली. "काका, वाढवायलो आता."

"हौ," मी म्हणालो. "येतो."