सप्लाय येतोय का?

पुनावळ्यात सोसायटी कोणतीही असो, तिच्या एखाद्या विंगमध्ये एक मेन्टेनन्सकाका असतातच. मेन्टेनन्स गोळा करणारे ते वेगळे. त्यांना पाहून लोक लिफ्ट सोडून जिन्याने जातात. हे काका आकुर्डी-भोसरीकडच्या कारखान्यात मेन्टेनन्स खात्यात हाडं झिजवून निवृत्त झालेले. हिंजवडी जवळ म्हणून मुलाने इथे फ्लॅट घेतला आणि काका पाने, टेस्टर, मल्टिमीटर असा सगळा संसार घेऊन मागोमाग आले.

आजूबाजूला सगळी आयटीतली तरुण मंडळी, त्यामुळे काकांना रुग्णांची ददात नाही. सकाळच्या कॉलला दहा मिनिटं उरली की बेल वाजते. दारात वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा घातलेला तरुण, छातीशी लॅपटॉप.

"काका, डेड झालाय."

"मेला की नाही ते मी ठरवीन. सप्लाय येतोय का, ते सांग."

तरुण गप्प. सातासमुद्रापारचा सर्व्हर चालू आहे की नाही हे तो झोपेत सांगेल, पण घरातल्या बोर्डाचं बटण? मग उलटतपासणी सुरू होते. शेवटचा कधी चालला? कोणाच्या हातात होता? काय सांडलं? या तिसऱ्या प्रश्नात 'काही सांडलं का' अशी सवलत नसते. "मी काहीच केलं नाही काका" हे वाक्य काकांच्या लेखी कबुलीजबाब. सेकंड शिफ्टचा प्रत्येक ऑपरेटर त्यांना हेच सांगत आलेला.

निम्मे रुग्ण बोर्डापाशीच बरे होतात. गुरुवारी तर काका आधी खिडकीतून समोरच्या विंगचे दिवे बघतात. महावितरणच्या दुरुस्तीचा वार. उरलेल्यांच्या अडॅप्टरला मल्टिमीटर लागतो. "19.5 लिहिलंय, 19.4 येतोय. हा निर्दोष, सोडा याला." एखादा मोबाईलचा 18 वॉटचा चार्जर 65 वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला जोडून आलेला असतो. त्याला काका एवढंच म्हणतात, "टोक बसलं म्हणजे सोयरीक जमली असं नसतं, बाळा."

यानंतर हुकमी इलाज. चार्जर काढायचा, निघत असेल तर बॅटरीही, आणि पॉवरचं बटण दाबून धरायचं. काका मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजतात. आत अडकून राहिलेला चार्ज निघून जातो, रुसलेलं सर्किट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि दिवा लागतो. चेतक तिरकी करून मग किक मारणाऱ्या पिढीला यात काही नवल वाटत नाही. आता आकुर्डीत विजेवरची चेतक तयार होते, पण तिला तिरकी करून काही उपयोग नाही, ही काकांची खंत.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळा, असं असेल तर काका दिवे घालवून स्क्रीनवर टॉर्च मारतात. अंधुक चित्र दिसलं की निदान पक्कं: लॅपटॉप चालू आहे, स्क्रीनच्या मागचा दिवा गेलाय. मग एचडीएमआयची केबल हॉलमधल्या टीव्हीला लागते आणि तरुणाचा कॉल अख्ख्या घरासमोर पार पडतो. काकू मेथी निवडता निवडता विचारतात, "हा तुझा साहेब होय? वाळलाय की रे." माइक म्यूट करायचा राहिलेला असतो.

कंपनीचा लॅपटॉप मात्र काका उघडत नाहीत. कंपनीच्या मालाला गेटपासशिवाय हात लावणं त्यांच्या रक्तात नाही. तरुणाचा स्वतःचा असला, की मागचं झाकण निघतं, रॅम बाहेर येते आणि तिचे सोनेरी दात नातवाच्या खोडरबराने घासले जातात. नातू तोवर गृहपाठातून सुटतो.

दुरुस्तीनंतर काका पैसे घेत नाहीत. रिपोर्ट देतात, तोही सोसायटीच्या ग्रुपवर. टोयोटाचं व्हाय-व्हाय इथल्या कारखान्यांत घोटून घेतलेलं. पाच वेळा 'का' विचारल्याशिवाय काकांना चहा जात नाही.

"लॅपटॉप का बंद पडला? बॅटरी उतरली. का उतरली? बोर्डाचं बटण बंद. का बंद? मोबाईल काढताना केलं. रात्री दोनला मोबाईल का काढला? रील बघायला. रील का? पालकांनी खुलासा करावा."

खाली फ्लॅट नंबर.

यामुळे झालं असं, की लोक आता दार वाजवण्याआधी निमूटपणे बटण बघून घेतात. सोसायटीतले ब्रेकडाऊन घटले. कारखान्यात याबद्दल काकांना शाल-श्रीफळ मिळालं असतं. इथे ते पार्किंगमध्ये गाठतात आणि तक्रारीच्या सुरात विचारतात, "काय हो, तुमच्याकडे बऱ्याच दिवसांत काही बंद पडलं नाही?"