बत्तीस नंबरचा हट्ट

ओ क्लेअर, विस्कॉन्सिन
१४ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी "खिम्याचं मशीन कुठलं घेतलंत शेवटी?" असं विचारलं आणि तुमच्या चिरंजिवांनी "ती सविस्तर लिहील" म्हणून फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. कट्ट्यावर वाचून दाखवलंत तरी चालेल, फक्त ह्यांच्याबद्दलचा मजकूर जरा हळू आवाजात वाचा.

आधी आईंची काळजी मिटवते. ज्याचा खिमा करायचा होता ते हरीण आम्ही मारलेलं नाही. तिकडे १९७२च्या कायद्यामुळे हरणाला हात लावला तर तुरुंग. इथं हरणंच इतकी झालीत की ती रस्त्यात गाड्यांवर येऊन आदळतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा मोसम सुरू होतो आणि तो नऊ दिवस चालतो. पाच लाखांवर लोक परवाना काढून भडक नारिंगी जाकिटं घालून रानात शिरतात. २०१६पासून भडक गुलाबी रंगही चालतो. आमची धाकटी तेवढ्यावरच शिकारीला निघाली होती. ह्यांनाही सुरसुरी आली होती, पण १९७३मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीचा वर्ग करावा लागतो, आणि परीक्षा म्हटलं की तुमच्या चिरंजिवांचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तर झालं असं. शेजारच्या आजोबांना यंदा दोन हरणं मिळाली. त्यांच्या म्हातारीला डॉक्टरांनी मांस कमी करायला सांगितलंय, म्हणून एक आम्हाला. इथं रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे ते एक तर घरी खायचं, नाही तर वाटायचं. आजोबांनी चारी तंगड्या, पाठ, मान असं सुटं करून आणून दिलं. हाडं काढल्यावर वीस किलोच्या आसपास निव्वळ मांस भरलं.

बाबा म्हणतील, खाटकाकडं टाकायचं की. इथं हरीण कापून, खिमा करून देणारी दुकानं असतात, पण मोसमात तिथं रांगा लागतात, शंभर डॉलरच्या घरात पैसे जातात, आणि काही ठिकाणी दहा जणांचं मांस एकत्र दळून वजनाप्रमाणे वाटून देतात. म्हणजे हरीण आपलं, खिमा कुणाचा तरी. ते आम्हाला नको होतं, कारण इथल्या हरणांत मेंदूचा एक वाईट रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला. शिजवून तो जात नाही. म्हणून मानेतल्या गाठी तपासणीला देतात आणि निकाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवतात. आपलं हरीण पास झालं. (आई, निकाल बुधवारी आला, दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. शुक्रवारपर्यंत फ्रीझर उघडला नाही.) दुसरी भीती शिशाची. शिशाची गोळी आत फुटली की तिचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात, आणि खिम्यात ते दिसतही नाहीत. आजोबा तांब्याची गोळी वापरतात. तरी जखमेभोवतीचं सगळं काळंनिळं मांस मी सढळ हातानं कापून टाकलं. हे बघत होते, त्यांचा जीव वरखाली होत होता.

आता मशीन. ह्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला. त्यात किंमत, वजन, मोटर, जाळ्या किती, दातेरी चाकं लोखंडी की नायलॉनची, अशी रकान्यांवर रकाने. पुढच्या दाराच्या कुलपाची चावी गेले वर्षभर अडकतेय, तिच्यासाठी असा तक्ता कधी झाला नाही. असो.

ह्या यंत्रांना नंबर असतात, आणि ते नंबर चपलेच्या मापासारखे, इंच नाही की सेंटिमीटर नाही. जुन्या हाताच्या यंत्रांपासून चालत आलेत एवढंच. आठ नंबरची जाळी साधारण ६२ मिलिमीटर, बाराची ७०, बावीसची ८२, बत्तीसची शंभराच्या आसपास. मोठा नंबर, मोठं तोंड, मोठे तुकडे आत जातात. ह्यांचं मन पहिल्याच दिवशी बत्तीसवर बसलं. दीड अश्वशक्ती! वजन तीस किलोच्या आसपास! आणि बाबा, तुम्ही फोनवर "घ्यायचं तर दांडगंच घ्या" म्हणालात, त्याचा इथं मंत्र झाला.

मी विचारलं, वर्षाला एक हरीण, तेही आजोबांची कृपा झाली तर. वीस किलो मांसाला तीस किलोचं यंत्र? ते उचलून कपाटातून ओट्यावर कोण आणणार? धुणार कोण? दुसऱ्या प्रश्नावर घरात शांतता पसरली.

मग ह्यांनी उलट बाजू घेतली. स्वस्तातलं, हलकं, पण खोक्यावर "३००० वॉट" छापलेलं. इथं मला तुमची आठवण झाली, बाबा. तुम्ही वीज मंडळात जन्म काढलात, तेव्हा हा हिशोब तुम्हीच करा: इथल्या साध्या प्लगवर १२० व्होल्ट, १५ अँपिअर. गुणाकार १८००. मग हे ३००० येणार कुठून? ती ताकद मोटर अडकून जाम होताना क्षणभर खेचली जाते, तो आकडा असतो. रोजची ताकद चारशे-पाचशे वॉट, आणि ती बारीक अक्षरात, खोक्याच्या तळाशी. हे सांगितल्यावर ह्यांनी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला.

मिक्सरला लावायचं खिम्याचं जोडसामान आमच्याकडे आहे. दोन किलोला ते चालतं, पुढं मोटर तापून वास यायला लागतो. मग एका संध्याकाळी हे तुमच्या पितळी पुरणयंत्राकडे बघत उभे होते. आई, काळजी नको. ते मी उचलून देवघराच्या खालच्या कपाटात ठेवलं आणि चावी माझ्या पर्समध्ये आहे.

आजोबांनी त्यांच्या आजीचं बिडाचं हातयंत्र आणून दाखवलं. कल्हई केलेलं, बारा नंबरचं, शंभर वर्षांचं तरी असेल, अजून ठणठणीत. ते टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळतात. आमच्या ओट्याची कड इतकी जाड की शिकंजा बसेना. त्यांनी जाता जाता जे सांगितलं ते मात्र ह्यांच्या अख्ख्या तक्त्यात नव्हतं: मशीन कुठलंही घ्या, पातं धारदार आणि मांस गार पाहिजे. बाकी हौस.

आणि ते खरं निघालं. हरणाच्या मांसावर पांढरा चिवट पापुद्रा असतो, तो सुरीनं सोलून काढला नाही तर पात्याला गुंडाळत जातो, आणि मग मांस कापलं न जाता चिरडलं जातं. शेवटी आम्ही आठ नंबरचं घेतलं. अर्धी अश्वशक्ती, आतली चाकं सगळी लोखंडी, जाळ्या स्टेनलेसच्या, उलटं फिरवायचं बटण. मी एका हातानं उचलू शकत नाही, पण दोन्हींनी उचलते. बत्तीसच्या निम्म्याहून कमी किंमत. वाचलेल्या पैशांत ह्यांनी कुलूपवाला बोलवावा अशी माझी सूचना होती.

मांसाच्या पट्ट्या कापून ताटात पसरल्या, तासभर फ्रीझरमध्ये कडक होऊ दिल्या. यंत्राचा लोखंडी भागही आत. ह्यांनी जोडणी केली, बटण दाबलं, आणि जाळीतून खिम्याऐवजी तपकिरी लापशी यायला लागली. पातं उलटं. सपाट बाजू जाळीकडं हवी, ती आतल्या बाजूला गेली होती. धाकटीनं माहितीपुस्तिकेतलं चित्र वाचून दाखवलं. मग मात्र असा खिमा पडायला लागला की आपल्या खाटकानं सत्तूर खाली ठेवून बघत राहावं. पहिल्यांदा मोठ्या भोकांची जाळी, मग बारीक.

चरबीवरून वाद झाला. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती टाकूनच द्यावी लागते. इथली मंडळी त्याबदली दहा-वीस टक्के डुकराची चरबी घालतात, नाही तर बर्गर तव्यावर भुगा होतो. ह्यांचं म्हणणं, घालूया. माझं म्हणणं, आपल्याला बर्गर करायचाय का? खिमा करायचाय. त्याला कांदा, सुकं खोबरं, तेल आणि तुमचा मसाला पुरे. सरकारी सल्ला आहे की खिमा आतून ७१ अंशांपर्यंत शिजावा. आई, आपण खिमा शिजवायला ठेवून आरती करून येतो, तेव्हा तो प्रश्न उरत नाही.

आजोबांना डबा दिला. त्यांनी दोन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी चमचा थांबेना. म्हणाले, पन्नास वर्षं हरीण खातोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी दोन्ही हरणं आपल्याकडे आणणार म्हणतात. हे ऐकल्यापासून तक्ता पुन्हा उघडा आहे.

धुणं माझ्याकडेच आलंय. अॅल्युमिनियमचे भाग भांडी धुण्याच्या यंत्रात घातले की काळे पडतात, पातं गंजतं, म्हणून सगळं हातानं, गरम पाण्यानं, पुसून तेल लावून ठेवायचं. हे "भिजत घाल, मी करतो" म्हणून झोपायला गेले.

धाकटीचे आणि आम्हा दोघांचे नमस्कार.

तुमची,
थोरली सून

ता. क. बाबा, येताना एक मशीन कोल्हापूरला आणावं असा तुमचा विचार ह्यांनी सांगितला. इथली मोटर १२० व्होल्टची, तिकडं २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर घालता येईल हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच हे आईंना वाचून दाखवा. आणि कांदा-लसूण मसाला दोन किलो पाठवा, गेल्या खेपेचा शुक्रवारी संपला.