अदृश्य होण्याचा पोशाख

मनुष्य वस्त्रे परिधान करतो ती लज्जारक्षणार्थ, असे नीतिशास्त्र सांगते. थंडीवाऱ्याच्या निवारणार्थ, असे आरोग्यशास्त्र सांगते. आणि ती चार लोकांनी पाहावीत म्हणून, असे सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील कोणताही कापडविक्या कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता सांगतो. या तिन्ही प्रयोजनांपलीकडे जाऊन, आपण कोणाच्याही दृष्टीस पडू नये एवढ्याच हेतूने पोशाख करणारे पूर्वी दोनच वर्ग होते, चोर आणि शिकारी. आणि त्या दोघांच्याही वस्त्रांची तपशीलवार नोंद बहुधा पंचनाम्यातच होत असे. अलीकडे त्यांत तिसऱ्या वर्गाची भर पडली आहे. हा वर्ग सुटीच्या दिवशी पहाटे नागपुरातून ताडोब्याकडे किंवा पेंचकडे निघतो, टोपीपासून मोज्यांपर्यंत पानाफांद्यांच्या नक्षीने मढलेला असतो, आणि आपण किती दिसेनासे झालो आहोत हे जगाला दिसावे म्हणून वाटेत प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबून स्वतःची छायाचित्रे काढून घेतो.

जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षात उभी हयात दप्तरे बांधण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या विषयात लक्ष घालण्याचे वस्तुतः काही कारण नव्हते. परंतु पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेला माझा भाचा, जो लहानपणी डास मारतानासुद्धा त्याची बाजू ऐकून घेत असे, तो तेथील कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या संगतीने वसंत ऋतूत टर्की पक्ष्याच्या शिकारीला जाऊ लागला. आणि 'मामा, तुम्ही आता जंगल पाहायला जाता, तेव्हा तुम्हांला उपयोगी पडेल,' अशा मजकुराच्या चिठ्ठीसह त्याने एक कोट मला पाठवून दिला. तो कोट पलंगावर पसरल्यावर आमच्या सौभाग्यवतीने प्रथम त्यावरचा पालापाचोळा झटकण्याचा प्रयत्न केला, आणि तो छापील आहे हे कळल्यावर भाच्याच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाविषयी थोडे उद्गार काढले.

टर्की हा पक्षी आपल्या देशाला अगदीच नवखा नव्हे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारी जे चमत्कारिक पशुपक्षी रुजू केले, त्यांत एक टर्कीही होता. माजावर आल्यावर सरड्याप्रमाणे रंग बदलणारे त्याचे मस्तक व मान पाहून बादशहा इतका विस्मित झाला की त्याने त्याचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढविले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तात्पर्य, मोगल दरबारात या पक्ष्याकडे सर्वांनी टक लावून पाहिले. अमेरिकेच्या अरण्यात मात्र पाहण्याचे काम तो स्वतः करतो, आणि शिकाऱ्यांच्या सगळ्या वस्त्रचिंतेचे मूळ तेथेच आहे. हरणाला चुकवायचे तर वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते. टर्कीचे नाक मंद, परंतु डोळा असा तल्लख की मान किंचित वळविली की चारी दिशांचा बंदोबस्त होतो. शिवाय आपल्या नेत्रांत रंग ओळखणारे शंकू तीन प्रकारचे, तर पक्ष्यांच्या नेत्रांत ते चार प्रकारचे असतात, आणि जांभळ्या रंगाच्या पलीकडचा जो प्रकाश आपल्या हिशेबीच नसतो, त्याचाही काही अंश त्यांच्या खाती जमा होतो. म्हणून तेथील जाणते शिकारी आपले कपडे शुभ्रता वाढविणाऱ्या साबणात धूत नाहीत. कारण जी झळाळी आपल्याकडे गृहिणीच्या कर्तृत्वाचा दाखला समजली जाते, तीच त्या पक्ष्याला दुरून सावधानतेचा हुकूम देते.

भाच्याने कोटाबरोबर पाठविलेल्या सूचना वाचताना मला जुन्या सरकारी जाबत्यांची आठवण झाली. टोपी असावी, तोंडावर जाळी असावी, हातांत मोजे असावेत, विजार वर सरकून पांढरी पोटरी दिसू नये; बसताना आपल्या खांद्यांहून रुंद अशा झाडाला पाठ लावावी; आणि लाल, पांढरा व निळा हे तीन रंग अंगावर कोठेही, आतल्या बनियनवर अथवा खिशातील रुमालावरसुद्धा, असता कामा नयेत. या शेवटच्या कलमाचे कारण वाचून मी क्षणभर चष्मा काढून ठेवला. नर टर्कीचे मस्तक नेमके याच तीन रंगांचे असते, आणि झुडपाआड त्यांपैकी एखादा रंग हलला की पलीकडच्या झुडपात दडलेला दुसरा शिकारी त्यावर बार काढण्याचा संभव असतो. म्हणजे पक्ष्याला दिसू नये म्हणून मनुष्याने झाड व्हायचे, आणि झाड झाल्यावर मनुष्याने आपल्याला पक्षी समजू नये याची काळजी वाहायची! त्यामुळेच शिकार साधल्यावर तीच मंडळी मारलेला पक्षी भडक नारिंगी कापडात गुंडाळून परत येतात. पशुपक्ष्यांपासून लपण्यास जेवढे कापड लागते, त्याहून अधिक कापड स्वजातीयांना आपली ओळख पटविण्यास लागते, हा नियम मी नागपूरच्या लग्नसमारंभांतही पडताळून पाहिलेला आहे.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढला. ज्या जंगलांत पूर्वी हाकेकरी रान उठवीत आणि साहेब मचाणावर बसून राहत, त्या जंगलांत आता छायाचित्रकाचे भिंग रोखले जाते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यात तर ही परंपरा आता बरीच मुरली आहे. बंदूक गेली, परंतु तिचा पोशाख मात्र वारसाहक्काने आमच्याकडे आला. प्रवेशिकेबरोबर मिळणाऱ्या सूचना भडक कपडे टाळा एवढेच माफक मागणे करतात. पण ज्या शहरात १८७७ सालच्या पहिल्या तारखेपासून एम्प्रेस मिलचे कापड निघाले, तेथील नागरिकाचे समाधान एवढ्याशा आज्ञेने कसे व्हावे? तो बाजारात जातोच.

भाच्याचा कोट घरी असताना मीही बाजारात गेलो, याला कारण त्या कोटावरील वनस्पती. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास मॉसी ओक आणि रियलट्री या नावांनी अशा छापील अरण्यांचा व्यापार सुरू झाला, तो तेथील झाडांच्या साली, फांद्या व पाने समोर ठेवून. आणि ते योग्यच होते. परंतु साग, ऐन, मोह आणि बांबू यांच्या आमच्या रानात, त्यातही मे महिन्यात जेव्हा सागाच्या अंगावर एक पान उरत नाही आणि पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा हिरव्यागार ओकपर्णांनी डवरलेला, अस्तर लावलेला कोट घालून बसलेला मनुष्य सावजीच्या पंगतीत वाढलेल्या दहीभातासारखा उठून दिसणार. चंद्रपूर जिल्ह्यातील एकमेव ओक वृक्ष म्हणून वनखात्याने माझी नोंद करून घ्यावी, ही माझी महत्त्वाकांक्षा नव्हती.

बर्डीवरील दुकानदाराने माझ्यापुढे ठिपक्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे सोडले. "काकाजी, हा घ्या ना जी. एकदम मिल्टरी माल हाय. घालून गेले का वाघाले दिसणारच नाही तुम्ही."

"आणि वाघ मला दिसेल काय?" मी विचारले.

"ते तुमच्या नशिबावर हाय जी," असे म्हणून त्याने कात्री उचलली.

मिलिटरी हा शब्द ऐकताच माझ्यातील जुना कारकून जागा झाला. कामठीची छावणी १८२१ पासून आमच्या शेजारी आहे, त्यामुळे लष्कराच्या वस्त्रांविषयी नागपूरकराच्या मनात आदर असतो; आणि १५ जानेवारी २०२२ रोजी सैन्याने जो नवा रणवेष जाहीर केला, त्याची नक्षी तर खुल्या बाजारात विकण्यासही मनाई आहे. तेव्हा वाघाला न दिसण्याच्या नादात शिपायाला दिसण्याचा प्रसंग यावा, ही तजवीज मला पसंत पडेना. मी मातकट रंगाचा एक साधा सदरा मुकरर केला. दुकानदाराने तो, आपल्या दुकानाचे नाव कोणाला सांगू नये अशा मुद्रेने, बांधून दिला.

पुढे या शास्त्राचा थोडा अभ्यास केल्यावर माझ्या ध्यानात आले की रानातील सर्वांत उत्तम शिंपी ज्याच्या सेवेत आहे, त्या वाघाने स्वतःसाठी मातकट रंग निवडलेला नाही; हिरवा तर नाहीच नाही. त्याने चक्क नागपूरच्या संत्र्याचा रंग निवडला आहे! याचे रहस्य असे की चितळ-सांबरांच्या डोळ्यांत रंग ओळखणारे शंकू दोनच प्रकारचे असल्याने तांबूस आणि हिरवा यांतील भेद त्यांना कळत नाही. वाघाचे नारिंगी अंग त्यांच्या लेखी हिरव्या गवतातच विलीन होते. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने हे दाखवून दिले. चितळांनी ते त्यापूर्वीच प्राण देऊन सिद्ध केले होते. परंतु झाडावर बसलेल्या वानराचे डोळे आपल्यासारखेच तीन शंकूंचे. त्याच्यापुढे ही शिलाई चालत नाही. त्याला नारिंगी ते नारिंगीच दिसते, आणि तो खेकसून सगळ्या रानाला वर्दी देतो. पोशाख कोणता करावा हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणाच्या डोळ्यांसाठी करावा, हे आधी ठरले पाहिजे.

आणि आमच्या प्रांतातील खरे पारंगत तर या प्रश्नाच्याही पलीकडे गेले होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पारध्यांच्या शाखा नमूद आहेत: फासे लावणारे ते फासेपारधी, बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गायके, आणि कमरेच्या चिंधीखेरीज काहीही न नेसणारे ते लंगोटी पारधी. तितर आणि लावे ज्यांच्या फाशात निमूटपणे सापडत, त्यांच्या अंगावर लपण्याजोगे वस्त्रच नव्हते! इंग्रजी राज्यात मात्र गुन्हेगार जमातींच्या यादीत नाव चढले ते या लंगोटीचे. हत्ती, तंबू आणि शेकडो हाकेकरी घेऊन येणाऱ्या विजारीला कोणी हटकले नाही.

मोहर्लीच्या फाटकावर एका पहाटे जिप्सींची रांग लागलेली असताना मी हा सर्व विचार मनात घोळवीत बसलो होतो. समोरच्या गाडीतील सहाही जण टर्कीच्या शिकारीस शोभतील असे नटलेले. त्यांच्या अत्तराचा सुवास वाऱ्याबरोबर गाभाक्षेत्रात आमच्या आधी दाखल होत होता, कुरकुऱ्यांच्या पिशव्या कुरकुरत होत्या, आणि 'दिसला का बे?' ही पृच्छा फाटक उघडण्यापूर्वीच दोनदा झाली. आत शिरल्यावर एका वळणाशी वानर खेकसला, चितळाने पाय आपटला आणि वाटाड्याने हात वर केला. त्याबरोबर ते सहाही ओक वृक्ष एकदम उठून उभे राहिले. जे जनावर येणार होते ते आले नाही. वाटाडा मात्र विटक्या खाकी गणवेशात पुतळ्यागत बसून होता. त्याच्या कोपरावर एक माशी कितीतरी वेळ निश्चिंत बसली होती, आणि त्या सबंध गाडीत अदृश्य काय तो तेवढा एकटाच होता. रानाला कापडाचा रंग एक वेळ चालतो. चाळवाचाळव चालत नाही. ठिपक्यांचा कोट दामाने मिळतो. घटकाभर हात, जीभ आणि उत्सुकता आवरून बसण्याचे वस्त्र कोणत्याही बाजारात मिळत नाही, आणि आम्हा नागपूरकरांच्या मापाचे तर ते अद्याप बेतलेच गेलेले नाही.

भाच्याचा कोट डिसेंबरच्या थंडीत मी आमच्या वसाहतीच्या चौकीदाराला देऊन टाकला. पंधरवड्याच्या आत समितीकडे लेखी तक्रार आली, की सदर चौकीदार रात्री अकरानंतर कोणालाही दिसत नाही. रीतसर चौकशी झाली, तेव्हा तो फाटकाजवळच्या कडुनिंबाला पाठ लावून, टोपी नाकावर ओढून, हातपाय यत्किंचितही न हलविता आपल्या जागी हजर असल्याचे निष्पन्न झाले. समितीने त्याला ताकीद दिली आणि कोट बदलण्याचा ठराव केला. भाच्याला मी कळविले की कोट उत्कृष्ट आहे, वापरणारा तेवढा योग्य पाहिजे.