ऐच्छिक कवायत

आमच्या चिखला गावात बुटांना पॉलिश करणं म्हणजे नियतीशी वाद घालणं. मॉईलच्या खाणीतला मँगनीज वर येतो आणि त्याची काळी पूड अंगणावर, तुळशीवर, दोरीवरच्या पांढऱ्या बनियनवर सारख्याच मायेनं बसते. बूट आपोआप काळे होतात, चमकत मात्र नाहीत. आणि एनसीसीला तर चमकच हवी असते. म्हणून आमच्या काकांचा नातू परेडच्या दिवशी चपलेत निघतो आणि बूट नव्या नवरीच्या शालूसारखे कापडात गुंडाळून तुमसरच्या कॉलेजात नेतो. एरवी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारा हा पोरगा त्या दिवशी कोंबड्याला उठवतो. उन्हात उभं राहायचं, हलायचं नाही, वर बोलणी खायची. आणि हे सगळं स्वखुशीनं!

काकांना हेच उमगत नाही. १९४८ साली एनसीसी जन्मली तेव्हा ऐच्छिकच होती. पण १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी कॉलेजातल्या पोरांवर ती सक्तीची झाली. काका त्या सक्तीच्या हंगामातले. त्यांच्या तुकडीत डावा पाय कोणता यावर एकमत नसायचं. मास्तरांचीही तीच गत. कामठीच्या अकादमीतून प्रशिक्षण घेऊन प्राध्यापक आजही लेफ्टनंट होऊन परततात. काल मेघदूत शिकवणारे सर आज ‘पीछे मुड’ म्हणतात, आणि त्यांचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असतो. १९६८ मध्ये सक्ती उठली, वर्षभरात एनएसएस आली, आणि ज्यांना बंदूक जड वाटत होती त्यांनी फावडं उचललं.

काकांनी मात्र तेव्हा टाळलेली सगळी कवायत निवृत्तीनंतर हप्त्याहप्त्यानं फेडायला घेतली आहे. किराणा आणायला निघाले की हात खांद्याच्या उंचीपर्यंत जातात. कोपऱ्यावर ते वळत नाहीत, थांबून, टाच जुळवून काटकोनात फिरतात. मागचा सायकलवाला दचकतो. काकूंना याची लाज वाटायची. हल्ली त्या दोन पावलं मागे राहतात आणि, आपल्या नकळत, पाय जुळवतात.

रविवारी नातवानं त्यांचा सॅल्यूट दुरुस्त केला. कोपर वर, मनगट सरळ. काकांनी निमूटपणे करू दिलं, मग म्हणाले, “आमच्या वक्ती सक्ती होती ना बापा, मंग नीट कोन शिकते?”