शिळ्या पाण्याच्या काकांना

काका,

पहाटे पाचला नळाला पाणी येतं आणि पाच वाजून दहा मिनिटांनी तुमच्या मोरीतून तो आवाज येतो. भळाभळा. आधी हंडा, मग कळशी, मग पिंपाच्या तळाशी उरलेलं. कालचं पाणी म्हणजे शिळं, आणि शिळं म्हणजे ओतायचं. सात वर्षं भिंतीपलीकडून मी हे ऐकते आहे. तोंडावर बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्या घरात शिळं पीत नाहीत," आणि दार लावून घेतलंत. म्हणून हे पत्र जिन्यातल्या फळ्यावर लावते आहे. सगळ्या मजल्यांनी वाचू दे.

मुंबईला सात तलाव पाणी देतात: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा. पाऊस उघडला की पुढच्या जूनपर्यंत या शहरानं प्यायचं ते तिथे साठलेलंच. मे महिन्यात "ताजं आलं, ताजं आलं" म्हणून तुम्ही घाईघाईनं भरता ते पाणी आदल्या जुलै-ऑगस्टात आभाळातून पडलेलं असतं. धरणात नऊ-दहा महिने उघड्यावर राहिलेलं तुम्हाला चालतं. मग तुमच्या चिंचेनं लखलखीत घासलेल्या, झाकण घातलेल्या तांब्याच्या हंड्यात एका रात्रीत त्याला काय होतं, काका?

भात शिळा होतो, आमटी आंबते. पाणी झाकून ठेवलं, त्यात हात न बुडवता ओगराळ्यानं काढलं, तर ते दुसऱ्या दिवशीही पिण्याजोगंच असतं. डेंग्यूचं तुम्ही मला ऐकवलंत, ते मात्र खरं आहे. तो डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करून घासा, असं पालिकेची माणसं दारात येऊन सांगतात. आठवड्यातून एकदा! तुम्ही रोज ओतता. आणि त्या एका दिवशीही ते पाणी लादी पुसायला, संडासात टाकायला, खालच्या प्राजक्ताला घालायला चालतं. दुधाची रिकामी पिशवी विसळून ते पाणी चहाच्या आधणात घालणारा माणूस हंडाभर पाणी मोरीत लोटतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

ते पाणी आपल्या नळापर्यंत आपसूक येत नाही. भातशाचं घ्या, सातांमधला जवळजवळ अर्धा साठा एकट्या भातशात आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून पिशाला येतं. तिथे पंपांनी उचलून पांजरापूरला गाळतात, क्लोरीन घालतात आणि मग ते मोठमोठ्या नळांतून शहराकडे निघतं. रात्रपाळीची माणसं त्यासाठी जागी असतात, वीज जळते. एवढं होऊन ते तुमच्या हंड्यात एक रात्र मुक्काम करतं आणि गटारात जातं.

भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. माझी मावशी त्याच तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. धरणं उशाशी असून तिच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर विहिरीत पाणी सोडतो आणि काठावर उभ्या बायका पोहरे टाकतात. आधी टाकेल तिला थोडं नितळ मिळतं, मागून येणारीला गढूळ. मावशी ते फडक्यानं गाळते, झाकून ठेवते आणि पुढचा टँकर येईपर्यंत, कधी तीन दिवस, कधी चार, तेच पुरवते. शिळं हा शब्द तिनं पाण्याला कधी लावलेला मी ऐकला नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्याकडे आली होती. एका पहाटे तुमची मोरी तुंबली होती म्हणून तुम्ही हंडा गॅलरीच्या पन्हाळीत ओतत होतात. मावशी एका डोळ्याला पट्टी बांधलेली, भिंत चाचपत बाहेर गेली आणि तुमच्या हंड्याखाली तिनं माझी बादली धरली. तुम्ही म्हणालात, "अहो, ते शिळं आहे." ती काही बोलली नाही. भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून आत आणली, झाकण घातलं आणि त्यातलं भांडंभर पाणी प्यायली. मला त्या दिवशी तिच्याकडे बघवेना.

मी हिशोब केला आहे. हंडा 15 लिटरचा, कळशी 8 ची, पिंपातलं 30 च्या वर. रोजचं 55 लिटरच्या आसपास जातं. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या एका माणसाला दिवसाला 55 लिटर धरले आहेत. पिण्याचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं, सगळं त्यात. म्हणजे तुमच्या मोरीत रोज एक माणूस वाहून जातो. 2024 च्या 5 जूनपासून मुंबईत 10 टक्के पाणीकपात लागली, तेव्हा टेकडीवरच्या चाळींत नळ नुसते फुसफुसत होते. त्या दिवसांतही तुमचा आवाज पाच वाजून दहा मिनिटांनी चुकला नाही.

काका, तुम्ही वाईट माणूस नाही. माझा मुलगा तापानं फणफणला तेव्हा रात्री दोनला रिक्षा शोधायला तुम्ही धावला होतात. म्हणूनच हे सोडून देता येत नाही.

उद्या पाणी आलं की हंडा ओतू नका. माझ्या उंबऱ्यावर ठेवा. दार उघडं असेल. आम्ही ते पिऊ, आणि हंडा घासून साडेपाचच्या आत तुमच्या दारात परत ठेवू.

तुमच्या शेजारच्या खोलीतली